पदकाच्या कडेवरचं नाव

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, ज्ञानेश्वरी पुन्हा वाचायला घेतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीवर निवडून येतात. मी भिंग घेऊन जुनी जर्मन पदकं वाचतो. 'वाचतो' हा शब्द मुद्दाम वापरला. पदक पाहायला मिनिटभर पुरतं, वाचायला आठवडा लागतो.

मुलगी श्टुटगार्टला नोकरीला आहे. तिथे कार्ल्सप्लात्स नावाच्या चौकात शनिवारी जुना बाजार भरतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखाच: फुटके कंदील, कुणाच्या तरी आजीच्या बशा, आणि एखाद्या पत्र्याच्या डब्यात पदकं. माझ्याकडे एकूण सात-आठच आहेत. सगळी १९१८ पूर्वीची. हिटलरच्या काळातलं एकही नाही आणि नको आहे. त्या वस्तूंवरचं स्वस्तिक जाहीरपणे मिरवायला जर्मनीत कायद्यानेच बंदी आहे.

पहिला प्रश्न पडतो, पदकं इतक्या तऱ्हांची का? त्याचं उत्तर इतिहासात आहे. १८७१ साली जर्मन साम्राज्य झालं तेव्हा त्यात पंचवीस राज्यं होती. सम्राट एक, पण बव्हेरियाचा राजा निराळा, सॅक्सनीचा निराळा, वुर्टेम्बर्गचा निराळा. आपल्या संस्थानिकांनी आपापला शिक्का आणि पोशाख जपावा, तसं प्रत्येकाने आपापलं पदक जपलं. नवशिक्याची गंमत अशी होते की सम्राट विल्हेल्म दुसरा, आणि त्याच वेळी वुर्टेम्बर्गचा राजाही विल्हेल्म दुसरा! पदकावरचा मुखवटा कोणत्या विल्हेल्मचा, हे मिशांवरून नाही तर भोवतालच्या अक्षरांवरून ठरवायचं.

सगळ्यात प्रसिद्ध पदक मात्र प्रशियाचं: लोखंडी क्रूस. १८१३ साली नेपोलियनविरुद्ध लढताना राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने तो सुरू केला. तारीख निवडली १० मार्च, दिवंगत राणी लुईझेचा जन्मदिवस. राजाच्या कल्पनेवरून कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुकाराने आराखडा काढला. मधे ओतीव लोखंड, भोवती चांदीची किनार. खजिना रिकामा होता. बायका सोन्याचे दागिने देत आणि बदल्यात लोखंडाचे घेत. लोखंडाची अंगठी हीच प्रतिष्ठा झाली. पहिल्या महायुद्धात हीच मोहीम पुन्हा निघाली. १९६२ साली चीनच्या लढाईत आपल्याकडेही बायकांनी संरक्षण निधीला सोनं दिलं. त्यात माझ्या आईची एक अंगठी होती, असं तिच्याच तोंडून ऐकलं आहे. म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

क्रूसाचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे तो हुद्दा न पाहता दिला जाई. शिपायाला आणि सेनापतीला एकच. पण पहिल्या महायुद्धात त्याच्या दुसऱ्या वर्गाची पन्नास लाखांहून अधिक पदकं वाटली गेली. बँकेतला माणूस याला काय म्हणणार? चलनफुगवटा! त्याउलट 'पूर ल मेरीत' हा प्रशियाच्या अधिकाऱ्यांचा सर्वोच्च सन्मान त्या युद्धात फक्त ६८७ जणांना मिळाला. नाव फ्रेंच, कारण १७४० साली तो सुरू करणाऱ्या फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबाराची भाषा फ्रेंच होती.

आता मुख्य मुद्दा. इतकी लाखो पदकं घडवली कुणी?

यात मला माझी नोकरी उपयोगी पडते. आयुष्यभर मी चेकवरची सही नमुना कार्डाशी ताडून पाहिली. सही खरी की खोटी हे नाव वाचून कळत नाही. अक्षराचं वळण, शेवटचा फटकारा, हाताचा दाब पाहावा लागतो. पदकाचं तसंच आहे. कित्येक पदकांवर कारखान्याची खूणच नसते. मग मुकुटावरचे मणी मोजायचे, १९१४ या आकड्यातल्या चाराची ठेवण पाहायची, किनारीची रुंदी मोजायची, आणि ज्याचा कारखाना ठाऊक आहे अशा पदकाशी ताडून पाहायचं. एका साच्यातून निघालेली पदकं एका हाताच्या सह्यांसारखी असतात.

जिथे खूण असते तिथेही ती लपलेली असते. लोखंडी क्रूसावर ती वरच्या कडीवर असते, तांदळाच्या दाण्याहून लहान. 'के' आणि 'ओ' ही दोन रोमन अक्षरं दिसली तर तो बर्लिनच्या शाही टांकसाळीचा. बव्हेरियाच्या लष्करी गुणवत्ता क्रूसावर कधी श्ट्राउबिंग गावच्या याकोब लेझर या कारागिराचं नाव सापडतं. बर्लिनचे मानकरी गोडे आणि वाग्नर. म्युनिकमध्ये हेमेर्ले बंधूंनी १८९३ साली दुकान हाती घेतलं ते पदकं घडवण्यासाठी. आज तेच नाव अतिमहाग दागिन्यांसाठी जगभर घेतात.

चांदीचा कस ही दुसरी खूण. जर्मनीने १८८४ साली कायदा केला आणि तो १८८८ पासून अमलात आला. त्यानुसार चांदीवर चंद्रकोर, मुकुट आणि कसाचा आकडा मारायचा, किमान ८००. म्हणजे १८७० च्या युद्धातल्या क्रूसावर चंद्रकोर आणि मुकुट दिसला, तर तो नंतर घडवलेला. तो खोटा असेलच असं नाही. काही सन्मान धारकाच्या मृत्यूनंतर सरकारला परत करावे लागत, म्हणून माणसं रोज लावायला सोनाराकडून दुसरं करून घेत. मूळ, जोड आणि नक्कल या तीन निराळ्या गोष्टी आहेत. तारण ठेवून घेताना आमचा सराफ हाच फरक करायचा.

नकली माल मात्र भरपूर आहे. साच्यात ओतून केलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात. ठसा मारून केलेल्या अस्सल पदकाची पार्श्वभूमी नितळ असते. लोखंडी क्रूसाला लोहचुंबक लावून पाहावं. आणि हल्ली कारखान्याची खूणही खोटी मारतात, कारण किंमत तिच्यावरच चढते.

माझ्या पेटीत वुर्टेम्बर्गचं एक रुपेरी लष्करी गुणवत्ता पदक आहे. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पानांच्या चक्रात जर्मन अक्षरं: 'शौर्य आणि निष्ठेसाठी'. मानेखाली बारीक सही आहे, 'के. श्वेन्त्सर'. कार्ल श्वेन्त्सर हा श्टुटगार्टचा ठसे कोरणारा कलावंत. तो १९०४ मध्ये वारला. पहिल्या महायुद्धात हजारो पोरांच्या छातीवर हे पदक लागलं, तेव्हा सही करणारा दहा वर्षांपूर्वीच गेलेला होता. ठसा शिल्लक होता, तो काम करत राहिला.

आणि ते पदक ज्याला मिळालं त्याचं नाव? ते नाही. पुढे नाही, मागे नाही, कडेवर नाही. नोटेवर गव्हर्नरची सही असते, ती कुणाच्या घामाची याची नोंद नसते, तसंच. सोबतचा कागद जपला गेला असेल तरच नाव कळतं. जर्मन पदकांची ही सर्वसाधारण रीत. घडवणारा सापडतो, कमावणारा हरवतो.

कधीकधी नाव कळतं आणि झोप उडते. ऑगस्ट १९१८ मध्ये एका कॉर्पोरलला पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूस मिळाला. त्याची शिफारस करणारा लेफ्टनंट ह्यूगो गुटमान स्वतः लोखंडी क्रूसाचा मानकरी होता आणि ज्यू होता. कॉर्पोरलचं नाव अॅडॉल्फ हिटलर. तो क्रूस हिटलरने पुढे कायम छातीवर मिरवला. गुटमानला देश सोडावा लागला; १९४० साली तो अमेरिकेत पोचला. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले, बारा हजारांच्या आसपास मेले. त्यांच्यातल्या कित्येकांना पुढे वाटलं की घरातला लोखंडी क्रूस आपल्याला वाचवील. त्याने वाचवलं नाही. सरकारने दिलेला सन्मान सरकार विसरू शकतं, हे या पदकांनी मला शिकवलं.

इंग्रजांची रीत निराळी होती. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे, हिंदी शिपायाचीसुद्धा. लढणाऱ्यांना चांदीचं, हमाली कामगारांच्या तुकड्यांना ब्राँझचं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना एक तरुण शेतकरी आजोबांचं असं पदक तारण ठेवायला घेऊन आला होता. आम्ही चांदीवर कर्ज देत नव्हतो. मी भिंग मागवून कडेवरचं नाव त्याला वाचून दाखवलं. त्याने पदक परत खिशात ठेवलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, हे इतकी वर्षं इथंच लिहिलेलं होतं?"

आपल्याकडे गावोगावच्या चावडीत, वेशीवर संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. आपशिंगे मिलिटरी या एका गावाचेच कितीतरी जण गेले. अशा पाटीवर बहुधा आकडाच असतो. नावं होती ती चांदीच्या कडेवर, आणि ती चांदी किती घरांतून सराफाच्या मुशीत गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या तळाशी पणजोबांचं एखादं पदक सापडलं, तर राखेने घासून लख्ख करू नका. घासण्याने अक्षरं झिजतात. उजेडात धरा, पोरांच्या डोळ्यांची मदत घ्या आणि कड सावकाश फिरवत वाचा. नंबर, नाव, पलटण वहीत उतरवून ठेवा, खाली आजची तारीख घाला. सराफाकडे जायचं की नाही ते मग ठरवा.