शिवणीतला पायथागोरस

क्रोशाने विणलेले लोकरीचे रंगीत चौकोन एकमेकांना जोडून केलेली शाल तुम्ही पाहिली असेल. ही तऱ्हा जुनी आहे. अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकी नियतकालिकात १८८५ साली अशा चौकोनाची कृती छापली होती. पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे चार गट, दुसरीत आठ, तिसरीत बारा, असा हा चौकोन वाढत जातो. पाचव्या फेरीअखेर प्रत्येक बाजूला पाच गट, म्हणजे पंधरा खांब येतात. सगळ्या चौकोनांच्या फेऱ्या सारख्या असल्या की काठावरचे खांबही सारखेच. जोडताना खांबासमोर खांब धरायचा, एवढेच.

पण महिनाभर खपून विणलेली शाल पुष्कळदा उसवते ती या जोडावरच. असे का व्हावे? (गणिताच्या आवडीने मासिक उघडणाऱ्यांनी पान उलटू नये, त्यांचाच विषय पुढे आहे.)

गोधडीला आपल्याकडे धावदोरा घालतात आणि ती वर्षानुवर्षे टिकते. मग क्रोशाला तोच टाका का चालू नये? फरक कापडात आहे. गोधडीतल्या जुन्या लुगड्याचे धागे उभे-आडवे आणि जवळजवळ सरळ असतात. त्या धाग्यांच्या दिशेने ओढले, तर कापड फारसे वाढत नाही. क्रोशाचे कापड म्हणजे मात्र एकात एक अडकवलेले फासे. ओढले की फासे लांबट होतात आणि लोकर स्वतः न ताणताही कापड वाढते. समजा, १० सें.मी.चा काठ ओढल्यावर १२ सें.मी. झाला. त्यातून सरळ गेलेल्या दोऱ्याने वरचे २ सें.मी. कोठून आणायचे? सगळा ताण त्या एकट्यावर येतो. मग तो तरी तुटतो, नाहीतर काठाची लोकर ओरबाडतो.

म्हणून अनुभवी विणणाऱ्या दोन्ही काठ एकत्र धरून त्यांवरून दोरा गुंडाळत नेतात. हा दोरा मळसूत्रासारखा जातो. एका कागदी आयतावर कर्ण आखा आणि कागदाची नळी करा. कर्णाचे मळसूत्र झालेले दिसेल. याच्या उलट, शिवणीचा एक वेढा उलगडला तर काटकोन त्रिकोणाचा कर्ण मिळतो. त्या त्रिकोणाची एक बाजू म्हणजे काठांचा घेर, दुसरी म्हणजे दोन टाक्यांमधले अंतर.

१० सें.मी.मध्ये २० टाके घातले, तर हे अंतर ०.५ सें.मी. झाले. घेर १ सें.मी. धरू. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे एका टाक्याला √(१ + ०.२५), म्हणजे सुमारे १.१२ सें.मी. दोरा लागला. आता काठ १२ सें.मी. झाला की अंतर ०.६ होईल. दोरा तेवढाच आहे, तेव्हा घेर √(१.२५ − ०.३६), म्हणजे सुमारे ०.९४ सें.मी. व्हायला हवा. काठ सहा टक्के आवळले गेले की भागले! लोकर मऊ असते, तेवढी ती सहज दबते.

मात्र शिवण पक्की व्हावी म्हणून प्रत्येक टाका करकचून ओढण्याचा मोह होतो. त्यामुळे घेर ०.३ सें.मी.च उरला असे समजा. मग एका टाक्यात दोरा √(०.०९ + ०.२५), म्हणजे सुमारे ०.५८ सें.मी. आणि वीस टाक्यांत जेमतेम ११.७ सें.मी. तो पार सरळ झाला तरी १२ सें.मी.ला पुरत नाही. घट्ट घातलेली शिवण आधी तुटते ती यामुळे.

हे वर्गात तपासता येईल. एकाच लोकरीच्या लहान चौकोनांच्या तीन जोड्या घ्या. एक धावदोऱ्याने, दुसरी सैलसर वेढ्यांनी आणि तिसरी करकचून वेढे घालून जोडा. सुई बोथट टोकाची व मोठ्या नेढ्याची हवी. टोकदार सुई लोकरीचा पीळ फोडते. शेवटी दोरा गाठीपाशी कापू नका, पाच-सहा टाक्यांतून उलटा ओवून घ्या. मग शिवण उभी राहील अशा रीतीने प्रत्येक जोडी टांगा, खाली पिशवी अडकवा आणि तीत थोडी थोडी वाळू घालत शिवणीची लांबी मोजत जा. आलेखात आडव्या अक्षावर वाळूचे वजन आणि उभ्या अक्षावर लांबी घ्या. धावदोऱ्याची रेघ किती वजनाला आडवी पडू लागते आणि त्या वजनाला सैल वेढ्यांची रेघ कोठे असते, ते पाहा.