थिजलेल्या तेलाची मेणबत्ती
(लेखमाला ‘घरचा उजेड’ : लेखांक ६)

थंडीच्या दिवसांत तुपाच्या बरणीत चमचा रुतून बसतो, पण शेजारच्याच बाटलीतलं सोयाबीन तेल पातळ राहतं. दोन्ही स्निग्ध पदार्थच, मग एक थिजतं आणि दुसरं का नाही? तुपातल्या बऱ्याच स्निग्धाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना खेटून बसतात. सोयाबीन तेलातल्या बहुतेक साखळ्यांना मात्र दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे त्यांची रचना घट्ट होत नाही. तापलेल्या तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला, की हे बंध भरून निघतात, साखळ्या सरळ होतात आणि तेलाचं घट्ट, दुधी रंगाचं मेण होतं. गेल्या लेखांकातलं पॅराफिन खनिज तेलातून येतं. सोयामेणाचं नातं थेट स्वयंपाकघराशी आहे, आणि ते घरी हाताळताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडते.

तेल घट्ट करण्याच्या या पद्धतीचं पेटंट जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतलं. तिचा मोठा फायदा उठवला तो अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने. १८३७ मध्ये ही कंपनी सुरू करणारे विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या बनवत, तर जेम्स गॅम्बल साबण. विजेचे दिवे आले, मेणबत्त्यांची मागणी घटली आणि १९११ मध्ये याच कंपनीने सरकीचं तेल घट्ट करून ‘क्रिस्को’ हा खाद्यपदार्थ बाजारात आणला. भारतात त्याच रसायनाने १९३७ मध्ये ‘डालडा’ आला आणि मराठी घरांत पिवळा डबा ओळखीचा झाला. पुढे चाक उलटं फिरलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सचे मायकेल रिचर्ड्स मधमाश्यांच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधत होते. त्यांनी घट्ट केलेलं सोयाबीन तेल मेणबत्तीत आणलं. मेणबत्तीवाल्यांकडून स्वयंपाकघरात गेलेलं तंत्र असं पुन्हा मेणबत्तीकडे परतलं.

घरी करायची तर ग्लासातली मेणबत्ती सर्वांत सोपी. त्यासाठी मिळणारं मऊ सोयामेण साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. साच्यातून काढून उभं करायला ते पुरेसं टणक नसतं.

मेण किती घ्यायचं, याचा हिशेब पाण्याने करावा. जाड, उष्णता सोसणाऱ्या काचेच्या ग्लासात हवं तिथपर्यंत पाणी ओतून त्याचं वजन घ्यायचं. मेण पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्या वजनाच्या सुमारे ९० टक्के भरतं. १८० ग्रॅम पाणी मावत असेल, तर १५० ग्रॅम मेण आणि त्याच्या ६ टक्के, म्हणजे ९ ग्रॅम सुगंधी तेल पुरे. ग्लास मात्र पुसून पूर्ण कोरडा करायला हवा.

मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवलं, तर पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि मेणही त्यापलीकडे तापत नाही. ८० ते ८५ अंशांना आच बंद करून सुगंधी तेल घालायचं आणि दोन मिनिटं सावकाश ढवळायचं. मिश्रण ६० अंशांच्या आसपास निवलं, की तळाशी मधोमध वात चिकटवलेल्या ग्लासात ओतायचं. वात सरळ राहावी म्हणून ती ग्लासाच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या दोन काड्यांमध्ये धरून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर पांढुरकी नक्षी दिसली, की अनेकांना मेण बिघडलं असं वाटतं. खरं तर हे स्निग्धाम्लांचे स्फटिक असतात. साजूक तूप जसं रवाळ होतं, तसंच हे. तूप रवाळ व्हावं म्हणून सावकाश निवू देतात. इथे गुळगुळीतपणा हवा असतो, म्हणून ओतण्याचं तापमान बदलून पाहावं लागतं. नक्षी राहिली तरी जळण्यात काही फरक पडत नाही. सुगंध मेणात नीट मुरायला आठवडा-दोन आठवडे द्यावेत.

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन शेतात दिसतं, पण तिथला मे महिना या मेणाला मानवत नाही. पारा ४५ अंशांवर गेला, की ५० अंशांना वितळणारं मेण खिडकीत ठेवल्या ठेवल्या मऊ पडतं. उन्हाळ्यात ते सावलीत, झाकण लावून ठेवावं.

सोयामेण काजळी धरतच नाही, हा समज खरा नाही. वात जाड किंवा लांब असेल, तर ज्योतीला जरुरीपेक्षा जास्त इंधन मिळतं, ते पुरतं जळत नाही आणि काच काळी होते. दर वेळी वात ५-६ मिलिमीटरवर कातरावी. पहिल्यांदा पेटवताना मेण कडेपर्यंत वितळू द्यावं. सात सेंटिमीटर रुंद ग्लासाला त्यासाठी साधारण तीन तास लागतात. घाईने विझवलं, तर पुढच्या वेळी ज्योत मधोमध विहीर खणत जाते आणि कडेचं मेण वाया जातं. पेटत्या मेणावर पाणी कधीही ओतू नये. तापलेल्या तेलासारखाच भडका उडतो. झाकण ठेवून हवा तोडावी.

तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं, की मेणबत्ती थांबवावी, नाहीतर काच तडकू शकते. उरलेलं मेण चमच्याने खरवडून, ग्लास कागदाने पुसून मगच साबणाच्या गरम पाण्याने धुवावा. मेण मोरीत सोडलं, तर नळीत जाऊन थिजतं.

पुढील लेखांकात : मेण वर चढवणारी वात, आणि लंडनच्या व्याख्यानात मायकेल फॅरेडे यांनी मिठाच्या खांबावर करून दाखवलेला केशाकर्षणाचा प्रयोग.