‘खाल्लं’ हे क्रियापद

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो. हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. अमावस्येच्या दुसऱ्या सकाळी वाटेतल्या एका तिकाटण्यावर मी उतारा पाहिला. पत्रावळीवर दहीभात, कुंकवानं माखलेलं कापलेलं लिंबू आणि टाचण्या टोचलेली काळी बाहुली. आठ-दहा टन ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं त्या मूठभर भातासाठी चाक सहज वळवलं. ओलांडायचं नाही, एवढंच. त्यात भीतीही फारशी नव्हती, सवय होती.

उतारा कुणावर आळ घेत नाही. आलेलं संकट रस्त्यावर सोडून द्यायचं, की झालं. गोष्ट बिघडते ती देवऋषी ‘बाहेरचं आहे’वर न थांबता ‘घराच्या उगवतीला राहणारी बाई’ म्हणतो तेव्हा.

अशी बोटं अमेरिकेतल्या सालेममध्ये १६९२ साली उठली. ही प्युरिटन लोकांची वसाहत. दिवस पोथी-प्रार्थनेत जायचा, आणि सैतान शेजारच्या रानात बसलेला आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या घरातल्या मुलींना झटके येऊ लागले. वैद्याचं औषध चालेना, तेव्हा प्रश्न निघाला, कुणी केलं? पहिल्या तीन नावांत घरातली गुलाम टिटुबा होती आणि दारोदार मागून खाणारी, भीक मिळाली नाही की पुटपुटत जाणारी सारा गुड होती. १९ जण फासावर गेले. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्यानं खटल्याला उत्तरच दिलं नाही, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारलं. काही जण तुरुंगातच मेले.

आर्थर मिलरनं १९५३ साली यावर ‘द क्रुसिबल’ हे नाटक लिहिलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांची धरपकड चालू होती, त्याला रूपक हवं होतं. त्यानं झटके येणाऱ्या मुलींतल्या अकरा वर्षांच्या अबिगेलला तरुणी केलं, फासावर गेलेल्या साठीच्या प्रॉक्टरला पस्तिशीत आणलं आणि दोघांत प्रेमप्रकरण घातलं. नाटक म्हणून ते भक्कम आहे. मला मात्र खटल्यांच्या कागदांतलं सालेम जास्त ओळखीचं वाटतं, कारण तिथं प्रेमप्रकरण नाही. बांधाची भांडणं आहेत, दगावलेली बाळं आहेत आणि गुरं आहेत. अ‍ॅबी नावाच्या जोडप्यानं साक्ष दिली, की सारा गुडला घराबाहेर काढल्यावर दोन वर्षांत आमची सतरा गुरं गेली. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्सला पंचांनी आधी निर्दोष ठरवलं होतं. मुलींनी आरडाओरडा केला, न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला, निकाल फिरला. तिच्यावर आळ घेणाऱ्या अ‍ॅन पुटनमची बाळं एकामागून एक गेलेली होती. आळाला काडीचा आधार नव्हता, पण बाळं खरोखर गेली होती.

आता शिरूरकडे येतो, कारण सालेममधून शिरूरला खरोखरच एक वाट येते. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सालेमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी पाठवण्यासाठी दीक्षा दिली गेली. फाशीच्या टेकडीला तेव्हा १२० वर्षं झाली होती. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या वर्षी मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. १८३१ मध्ये मिशन नगरला पोचलं, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागलं आणि घोडनदीकाठच्या शिरूरलाही ठाणं झालं. तिथं रिचर्ड विन्सर यांनी उद्योगशाळा चालवली. सैतानाच्या नावानं म्हाताऱ्यांना फासावर देणाऱ्यांचे वारस शिरूरच्या पोरांना सुतारकी शिकवत होते आणि ‘ज्ञानोदय’ आपल्या भुताखेतांवर कोरडे ओढत होतं. आपल्याच पणज्यांचं त्यांना कितपत आठवत असेल?

भुतंही सगळी सारखी नसतात. शिरूरला कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. सुगीचं पहिलं धान्य गावकरी त्याला नैवेद्य म्हणून वाहतात आणि त्याला ‘सत्पुरुष’ म्हणतात, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. मेलेल्या गोऱ्या कर्नलाला नैवेद्य. जिवंत म्हातारीच्या वाट्याला संशय. पेशवाईच्या कागदांतही ‘भुतं घातली’ अशा तक्रारी आहेत. सरकार त्यांची रीतसर चौकशी करी, दंड करी. म्हणजे भूत हा तेव्हा दिवाणातला मामला होता.

भीमा ओलांडून चौफुल्यापर्यंत गेलं, की केडगाव हाकेच्या अंतरावर. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो बायका-मुली गोळा करून आणल्या. दुष्काळाच्या आधीपासूनच त्या बालविधवांना आसरा देत होत्या. अशा पोरीला सासरी काय म्हणत? ‘पांढऱ्या पायाची.’ ‘नवऱ्याला खाल्लं.’ पटकीनं मेलेल्या नवऱ्याला बारा वर्षांच्या पोरीनं ‘खाल्लं’. सातपुड्यात डाकिणीवर आळ घेतात तोही नेमका याच क्रियापदानं, तिनं पोर खाल्लं. विधवेला कुणी चेटकीण म्हणत नसे. तिचं डोकं भादरून तिला कोपऱ्यात बसवत आणि तेवढ्यानं भागे. पण वाक्याची घडण एकच. मरण आलं असं म्हणायचं नाही, कर्ता शोधायचा. आणि कर्ता म्हणून अशीच बाई निवडायची जी उलट बोलणार नाही. केडगावच्या आवारात रमाबाईंनी त्या कर्त्यांना शिवण, छपाई आणि शेती शिकवली.

पारगावच्या पुलावर परत येतो. जानेवारी २०२३ मध्ये या परिसरात भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह सापडले. नवरा-बायको, त्यांची मुलगी, जावई आणि तीन लहान नातवंडं. आधी आत्महत्या वाटली. मग पोलिसांनी भाऊबंदांतल्याच लोकांना अटक केली. पोलिसांनी कारण सांगितलं ते असं: आपल्या तरुण मुलाच्या मृत्यूला हे घर जबाबदार आहे, असा संशय. मी हे चेटकाचं प्रकरण म्हणून सांगत नाही. पण ‘आमचा पोरगा अपघातानं गेला’ हे वाक्य एखाद्या घराला किती असह्य होत असेल, ते त्या पुलावर उभं राहिलं की कळतं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि अठरा वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा चार दिवसांत वटहुकूम होऊन आला. डिसेंबरमध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला. सहा महिने ते सात वर्षं कैद, गुन्हा अजामीनपात्र. कायद्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. त्यांतल्या एकात, अमुक माणूस करणी करतो किंवा मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हाही गुन्हा धरलाय. शिरूर-दौंडच्या गोठ्यांत वाढलेल्या कुणालाही हे वाक्य वाचून हसू येणार नाही. सालेमची ती सतरा गुरं मला तिथं पुन्हा दिसली.

कायदा आल्यावरही ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्द गावात करणीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारलं. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात एका बाईला आणि एका म्हाताऱ्याला जिवंत जाळलं. शिरूर-दौंडचा माणूस ही बातमी वाचून ‘तिकडं जंगलात’ म्हणतो आणि पान उलटतो.

परवा न्हावऱ्याच्या एका गोठ्यात विषय काढला. म्हातारे गृहस्थ धार काढत होते. म्हणाले, ‘‘आता करणीबिरणी काही नाही हो. डॉक्टर येतो, सुई टोचतो, गाय दूध देती.’’ मग बादली बाजूला ठेवून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘पण मागच्या आळीतल्या म्हातारीनं गोठ्यात डोकावलं, की दोन दिवस पान्हा चोरतीच.’’ वळून पाहिलं, तर गोठ्याच्या तुळईला बिब्बा, लिंबू आणि मिरच्या एका तारेत ओवून टांगलेल्या होत्या. लिंबू ताजं होतं.