ऑक्टोपसचे चित्र काढताना

ऑक्टोपस म्हटला की जहाजाला विळखा घालणारा राक्षस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देनी द मोंफोर या फ्रेंच ग्रंथकाराने छापलेले असले चित्र पुढे फार गाजले. पण श्रोतेहो, खरा प्राणी पाहा!

चित्रकार ज्याला भलेमोठे डोके समजतो, ती असते धडाची पिशवी. तिच्यात तीन हृदये, रक्त निळसर. डोके म्हणजे डोळ्यांजवळचा लहानसा भाग, अन् त्यालाच आठ बाहू फुटलेले. तोंड चेहऱ्यावर काढू नका. ते बाहूंच्या मधोमध, खालच्या अंगाला असते आणि त्याला पोपटासारखी चोच असते. चित्रात ओठांसारखी दिसते ती नळी पाणी फेकण्याची. तिच्या जोरावर तो पोहतो. रंग मात्र कोणताही द्या, कारण क्षणात तो खडकासारखा होतो!

आणि राक्षस म्हणाल, तर हे ऐका. कॅलिफोर्नियाजवळ खोल समुद्रात २००७ ते २०११ या काळात एक मादी तब्बल ५३ महिने आपल्या अंड्यांची राखण करताना संशोधकांना दिसली. पिले बाहेर पडली की बहुतेक जातींत आई मरते.

तेव्हा गुरुजी, फळ्यावर ऑक्टोपस काढाल, त्या वेळी बाहूंखाली जहाज नको, अंडी काढा.