नांगराचा रहाट

आमच्या आजोळी परसातल्या विहिरीवर लाकडी रहाट होता. आजी कळशी ओढून काठापर्यंत आणी. पण तिला हात घालण्यापूर्वी दोर न चुकता पायाखाली दाबून धरी. आम्ही मुले घाई करू लागलो की म्हणे, “रहाट वर आणतो रे, धरून ठेवत नाही.” पुढे शिडाच्या नौकांविषयी वाचू लागलो, तेव्हा नांगर उचलण्याच्या यंत्राशी ओळख झाली आणि आजीचे हे वाक्य आठवले. इंग्रजीत त्या यंत्राला ‘विंडलास’ म्हणतात. आपण त्याला नांगराचा रहाट म्हणू. तो नौकेवर कसा बसवतात आणि बसवताना झालेली कोणती चूक जिवावर बेतू शकते, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

शिडाची नौका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोळ्यांचे मचवे उभे राहतात. येथे अभिप्रेत आहेत त्या दूरच्या सफरीच्या नौका. लांबी साधारण तीस-चाळीस फूट. आत लहानसे स्वयंपाकघर, निजायची जागा, आणि माणसे बहुधा दोनच. काही जण तर एकटेच निघतात. आपल्या नौदलातील दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे अनेकांना ठाऊक असेल. सफरीवरच्या माणसांना प्रत्येक ठिकाणी धक्का मिळत नाही. एखाद्या बेटाच्या आडोशाला, खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून रात्र काढावी लागते. माणसे निजतात, तेव्हा नौकेची राखण नांगरच करतो.

मराठीत शेतातला आणि समुद्रातला नांगर यांना एकच शब्द आहे, आणि तो अर्थानेही नेमका बसतो. १९३३ साली जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेतनांगराच्या फाळासारखा नांगर तयार केला. ‘सी.क्यू.आर.’ या नावाने तो जगभर पसरला. नांगर आपल्या वजनाने नौका धरतो, ही समजूत चुकीची आहे. तो तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुततो आणि रुतून धरतो. मात्र रुतण्यासाठी त्याच्यावरची ओढ आडवी हवी. ओढ वरच्या दिशेने झाली की तो उपटला जातो. म्हणूनच दहा मीटर खोल पाण्यात पन्नास-साठ मीटर साखळी सोडावी लागते. त्यातली बरीचशी तळावर पडून राहते आणि नांगराला आडवे ओढते.

आता हिशेब पाहा. चाळीस फुटी नौकेचा नांगर सुमारे २० किलोचा. दहा मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सुमारे सव्वादोन किलो भरते. म्हणजे साठ मीटरची झाली १३५ किलो. सगळा भार एकदम उचलावा लागत नाही, कारण तळावरची साखळी तळच पेलतो. तरीही दहा मीटर पाण्यात शेवटी नांगरासह चाळीस किलोच्या आसपास वजन लोंबकळते. चिखलाने माखलेली ती साखळी, हेलकावणाऱ्या डेकवर उभे राहून, हातांनी साठ मीटर ओढायची!

प्रश्न केवळ पाठदुखीचा नाही. डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोतील काबो सान लुकास येथे अनेक सफरी नौका किनाऱ्याजवळ नांगर टाकून होत्या. वारा फिरला, किनाऱ्याच्या दिशेने वाहू लागला, लाटा उसळल्या, आणि पंचवीसहून अधिक नौका वाळूवर जाऊन आदळल्या. त्यांत बर्नार म्वातेसिए या विख्यात फ्रेंच दर्यावर्दीची ‘जोशुआ’ही होती. अशा प्रसंगी खात्रीचा उपाय एकच: वादळ अंगावर येण्यापूर्वी नांगर उचलून खुला समुद्र गाठणे. नांगर पाच मिनिटांत वर येणार की अर्ध्या तासात, यावर “निघू या” हा निर्णय अवलंबून असतो. ज्याला उचलण्याचे श्रम नकोसे वाटतात, तो “सकाळी पाहू” म्हणतो.

रहाटाची रचना सोपी आहे. एक विजेची मोटर, तिची गती कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रे, आणि साखळीच्या कड्या बसतील अशा खाचांचे एक चाक. चाक उभ्या आसावर असेल तर साखळी त्याला जवळजवळ अर्धा वेढा घालते आणि मोटर डेकखाली राहते. आस आडवा असेल तर वेढा पाव वर्तुळाचाच मिळतो, पण सगळे यंत्र डेकवर असल्याने दुरुस्ती सोपी जाते. निवड करताना नांगर आणि संपूर्ण साखळी यांच्या वजनाच्या सुमारे तिप्पट ओढ असलेला रहाट घ्यावा, असा ठोकताळा आहे. आपल्या उदाहरणात तो ४६५ किलो येतो.

बसवताना पहिली काळजी साखळीची. जर्मन मानकाप्रमाणे दहा मिलिमीटरच्या साखळीची कडी आतून २८ मिलिमीटर लांब असते, तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती ३० मिलिमीटर असते. फरक दोन मिलिमीटरचाच. पण चुकीच्या चाकावर ती साखळी उड्या मारते आणि ऐन वेळी सुटून धावते. चाकाखाली साखळीला सरळ पडायला पुरेशी मोकळी जागा हवी, नाहीतर कप्प्यात ढीग साचून ती अडकते. साखळीचे शेवटचे टोक नौकेला लोखंडी कडीने न जोडता मजबूत दोराने बांधावे, आणि तो दोर डेकवर येईल इतका लांब ठेवावा. नांगर सोडून पळण्याची वेळ आली तर सुरीच्या एका घावात मोकळे होता येते.

दुसरी काळजी डेकची. आजच्या बहुतेक नौका फायबरच्या असतात आणि डेकच्या दोन थरांमध्ये बहुधा हलके बाल्सा लाकूड असते. बोल्टसाठी नुसते भोक पाडले तर तेथून पाणी झिरपून आतले लाकूड कुजते. म्हणून भोक मोठे पाडून, कडेचे लाकूड कोरून काढून, ती जागा इपॉक्सीने भरतात आणि ते घट्ट झाल्यावर त्यातून बोल्टचे भोक पाडतात. डेकच्या खालून जाड पट्टी लावतात, म्हणजे ओढ चार बोल्टांवर न राहता रुंद जागेवर पसरते.

तिसरी काळजी विजेची. हजार वॉटची मोटर १२ व्होल्टवर चालताना शंभर अँपिअरच्या घरात प्रवाह घेते. बॅटरी बहुधा मागे आणि रहाट नाळेवर. जाऊन-येऊन वीस मीटर तार लागते. ती १६ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच दोन व्होल्टहून अधिक खर्ची पडतात, आणि मोटर दमून तापते. ५० चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. बॅटरीजवळ ब्रेकर हवाच. साखळीत हात घालण्यापूर्वी तो बंद करावा. बोट चाकात सापडले तर मोटरला ते कळत नाही.

एवढे सगळे नीट केले तरी एक चूक उरते आणि तीच सर्वांत मोठी: नांगर टाकल्यावर नौका रहाटावरच टांगून ठेवणे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. प्रत्येक लाटेसरशी नाळ उसळते आणि ताठ झालेली साखळी हिसका देते. दंतचक्रे आणि आस वजन उचलण्यासाठी घडवलेले असतात, रात्रभर हिसके सोसण्यासाठी नव्हे. ते मोडले तर साखळी कप्प्यातून सरसर धावत सुटते. म्हणून रहाटाच्या पुढे डेकवर साखळी अडवणारी भक्कम खिट्टी स्वतंत्र बसवतात. शिवाय नायलॉनचा दोर आकडीने साखळीत अडकवून नौकेच्या खुंट्याला बांधतात. नायलॉन ताणते आणि हिसका गिळते. नौका खुंट्यावर टांगलेली राहते, आणि रहाटाला विसावा मिळतो.

उचलतानाही हाच नियम. रहाटाने नौका नांगराकडे ओढायची नसते. इंजिनाने हळू पुढे जायचे आणि सैल पडलेली साखळी रहाटाने गोळा करायची. रुतलेला नांगर निघत नसेल तर साखळी खिट्टीत अडकवून नौकेच्या जोराने तो उपटायचा, मग रहाटाने वर घ्यायचा.

यंत्र विकत घेताना आपण त्याची ताकद विचारतो. तितक्याच आवर्जून विचारायला हवे की, यंत्राचे काम कोठे संपते आणि तेथून पुढचा भार कोणावर. आजीने हा प्रश्न कधी शब्दांत मांडला नाही. तिचा पाय मात्र नेमक्या वेळी दोरावर पडत असे.