विश्लेषण : पिंपरी-चिंचवडच्या रुळांवरचा ‘खेकडा’ गेला कुठे?

चिंचवड स्थानकात लोकलची वाट पाहताना मालधक्क्याकडे नजर गेली, तर खिडक्या बुजवलेल्या डब्यांची लांबलचक गाडी उभी दिसते. जुने प्रवासी डबे बदलून केलेल्या या गाड्यांतून चाकण पट्ट्यातल्या मोटारी देशभर जातात. पुढे इंजिन कोणते, हे सहसा कुणी पाहत नाही. रेल्वेवेडे पाहतात. त्यांच्या गप्पा जुन्या, दुर्मीळ मालवाहू इंजिनांकडे वळल्या की एक नाव हमखास निघते, ते म्हणजे ‘खेकडा’.

हे इंजिन डिझेलचे होते का?

नाही. भारतात ब्रॉडगेजवर मुख्य मार्गाची पहिली डिझेल इंजिने १९५७-५८ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली. डब्ल्यूडीएम-१ या वर्गाची ही इंजिने १०० होती आणि ती देशाच्या पूर्व भागात कोळसा, लोखंड ओढायला गेली. मुंबई-पुणे मार्गाला तेव्हा त्यांची गरज नव्हती, कारण इथे १९३० च्या सुमारासच विजेच्या तारा आल्या होत्या. त्यामुळे पूर्वेकडच्या रेल्वेवेड्यांना जे अप्रूप पहिल्या डिझेलचे, ते आपल्याकडे या विजेवरच्या मालवाहू इंजिनाचे. काळा धूर सोडणारी अल्को डिझेल इंजिने पुणेकरांनी पाहिली ती प्रामुख्याने मिरज, दौंडच्या बाजूला.

खेकडा म्हणजे नेमके काय?

कागदोपत्री नाव डब्ल्यूसीजी-१, त्याआधी ईएफ-१. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेसाठी अशी ४१ इंजिने बनली. पहिली १० स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात, बाकीची ३१ इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत. ताकद सुमारे २६०० अश्वशक्ती. आजच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाची ताकद ६००० च्या पुढे आहे, पण १९३० च्या मानाने २६०० म्हणजे दांडगाच आकडा.

त्याचे अंग तीन तुकड्यांचे. मध्ये चालकाची केबिन, पुढे-मागे दोन लांब नाकाडे. वळणावर ही नाकाडे आपापल्या चाकांबरोबर वळत. स्वित्झर्लंडमध्ये अशा घडणीच्या इंजिनांना ‘मगर’ म्हणतात. आपल्याकडे त्याचा खेकडा झाला. चाकांना जोडणाऱ्या दांड्या वाफेच्या इंजिनासारख्या खालीवर होत आणि चालताना सपसप आवाज येई. उभे असतानाही ते कण्हल्यासारखा आवाज करी. ज्याने तो एकदा ऐकला, त्याला इंजिन न बघता ओळखता येई.

विजेच्या इंजिनाला दांड्या कशाला?

त्या काळी एवढ्या ताकदीच्या मोटारी आकाराने मोठ्या असत. चाकांच्या मधल्या जागेत त्या मावत नसत. म्हणून त्या वर नाकाड्यात बसवल्या. मोटारींनी एक आडवा दंड फिरवायचा आणि त्याने दांड्यांमार्फत तीनही जोड्या चाके फिरवायची, अशी योजना होती. याचा फायदा बोरघाटात. तिथला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. चाके एकमेकांत गुंतलेली असल्याने एकच जोडी रुळावर घसरून जागच्या जागी फिरण्याचा धोका कमी. पावसाळ्यात, ओल्या रुळांवर, हे किती मोलाचे असेल ते कर्जत-लोणावळा प्रवास केलेल्याला सांगायला नको.

उतरताना दुसरी गंमत. मोटारी उलट जनित्रासारख्या चालत, गाडीचा वेग आवरला जाई आणि तयार झालेली वीज परत तारेत जाई. आज वीजवाहनांच्या जाहिरातींत हेच तंत्र नवे म्हणून मिरवले जाते. रेल्वेला लागणारी वीज पुरवण्यासाठी ठाकुर्लीजवळ तिचे स्वतःचे चोळा वीजगृह होते.

मग ही इंजिने गेली का?

वय झाले, हे एक कारण. सत्तरच्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यातली डब्ल्यूसीजी-२ आली आणि खेकडे मागे पडत गेले. नव्वदच्या दशकात उरलेसुरले मुंबईत डबे इकडून तिकडे ढकलण्याच्या कामाला होते. पुढे १५०० व्होल्ट डीसीऐवजी २५ हजार व्होल्ट एसी पुरवठा आला. मुंबईत हा बदल २०१५-१६ मध्ये पूर्ण झाला. डीसीवर चालणारे जुने इंजिन त्यानंतर सणासुदीलाही तारेखाली धावू शकत नाही. वाफेचे इंजिन कोळसा-पाणी घालून कुठेही चालवता येते, खेकड्याचे तसे नाही.

आता पाहायला मिळेल कुठे?

एक मुंबईत, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात. दुसरे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. त्याचे नाव ‘सर लेस्ली विल्सन’. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत देशातली पहिली विजेवरची गाडी सुरू झाली, तेव्हा हे विल्सन मुंबईचे गव्हर्नर होते. वरळी समुद्राजवळ, हवा खारी. लोखंडाला ती मानवत नाही, त्यामुळे तिथल्या इंजिनाची डागडुजी सतत करत राहावी लागणार.

ज्या शहरांच्या मधून हा मार्ग जातो, त्या पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र असे एकही इंजिन नाही. उद्योगनगरी म्हणवणाऱ्या शहराला हे शोभत नाही, असे आमचे मत. आता पुणे-मिरज मार्गावरही तारा आल्या आहेत. त्यामुळे घोरपडीच्या शेडमधले एखादे अल्को डिझेल राखून ठेवायचे असेल, तर ते भंगाराच्या यादीत जाण्याआधीच मागावे लागेल.