सदरा उलटा करून पाहताना

कापड किती टिकेल हे ज्या ठिकाणी ठरते, त्यांपैकी जवळजवळ एकही ठिकाण दुकानातल्या ग्राहकाच्या नजरेस पडत नाही. कापसाच्या तंतूची लांबी, सुताला दिलेला पीळ, इंचभर कापडात बसवलेल्या आडव्या धाग्यांची संख्या, शिवणीच्या आत सोडलेली पट्टी हे सारे इस्त्री करून, टाचण्या लावून पुठ्ठ्यावर बसवलेल्या शर्टात झाकून जाते आणि समोर उरतात ते रंग, छाप आणि किमतीची चिठ्ठी. कपडे महागले आणि तरीही टिकेनासे झाले, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. तिचा दोष केवळ उत्पादकांच्या लोभावर टाकता येत नाही, कारण लोभ पूर्वीही होता. कापडाची पारख करणारे गिऱ्हाईक आणि त्याला त्या कामी मदत करणारे दुकानदार व शिंपी हे तयार कपड्यांच्या व्यवहारातून बाहेर पडले, आणि ज्या गुणाची कोणी चौकशीच करत नाही त्यावर खर्च करण्याचे कारण कोणाला उरले नाही, हे या तक्रारीचे अधिक खोलवरचे मूळ आहे. पुरुषांच्या साध्या सुती शर्टाचे उदाहरण घेतले तर ते टप्प्याटप्प्याने उलगडता येते.

मुंबईच्या गिरण्या जोरात चालत होत्या त्या काळात मराठी मध्यमवर्गीय घरातले कपडे मुख्यतः ताग्यातून कापड फाडून घेऊन शिवले जात. ताग्याच्या किनारीवर गिरणीचे नाव छापलेले असे, खटावचे व्हॉइल किंवा फिनलेचे मलमल नाव घेऊन मागितले जाई, आणि ‘सॅन्फराइज्ड’ हा शिक्का असला म्हणजे कापड धुतल्यावर फारसे आटणार नाही, याची हमी मिळे. अमेरिकेतील सॅन्फर्ड क्लुएट यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेत कापड वाफ आणि दाब देऊन आधीच आटवलेले असते. ती नसेल तर घरची मंडळी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे देत. गिऱ्हाईक कापड चिमटीत चोळून खळ किती आहे ते पाही, उजेडाकडे धरून विणीची दाटी पाही, आणि त्यातूनही काही निसटलेच तर शिंपी कात्री लावण्यापूर्वी स्पष्ट सांगे की हे कापड जाईल लवकर. मात्र जुने ते सारे भक्कम होते असे मानणे ही फसगत ठरेल. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्या कापडाचे वजन वाढवण्यासाठी खळीत चिनी माती भरत, आणि स्वातंत्र्यानंतरचे ‘कंट्रोलचे कापड’ ज्यांनी वापरले त्यांना त्याचा विरळपणा चांगला आठवत असेल. फरक एवढाच, की तेव्हा वाईट कापड वाईट म्हणून ओळखता येत असे.

चोळून आणि उजेडाकडे धरून गिऱ्हाईक मुळात सुताचीच परीक्षा करत होते. कापसाचा तंतू जितका लांब, तितके कमी जोड सुतात येतात आणि तितके ते सूत घासणीला अधिक पुरते. आखूड तंतूंची टोके सुताबाहेर डोकावत राहतात, चार धुण्यांत सुटतात आणि कापड विरू लागते. भारतात पिकणाऱ्या कापसाचा तंतू बहुतांशी अडीच ते तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो, तर दक्षिणेत अगदी थोड्या क्षेत्रावर घेतल्या जाणाऱ्या ‘सुविन’ या वाणाचा तंतू त्याहून बराच लांब असतो. कताईपूर्वी कापूस विंचरून आखूड तंतू वेगळे काढले की त्या सुताला ‘कोम्ब्ड’ म्हणतात. या विंचरणीत दहा ते वीस टक्के माल गळतो, म्हणून ती महाग पडते आणि खर्च वाचवायचा झाला की सर्वांत आधी तीच टाळली जाते.

सुताची बारकाई ‘काउंट’ने मोजतात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो आकडा म्हणजे काउंट, त्यामुळे ४० काउंटच्या एका पौंड सुताची लांबी सुमारे ३० किलोमीटर भरते. आकडा मोठा म्हणजे सूत बारीक, पण बारीक म्हणजे टिकाऊ नव्हे, आणि इथेच जाहिरातीतली भाषा ग्राहकाला चकवते. टिकाऊपणासाठी पाहायचे ते सूत एकपदरी आहे की दुपदरी. ८० काउंटचे दोन धागे एकत्र पिळले तर जाडी ४० काउंटच्या एका धाग्याइतकीच होते, परंतु एकाची कमजोर जागा दुसरा सांभाळून घेत असल्यामुळे असे सूत अधिक मजबूत आणि एकसारखे निघते. एकपदरी सुताचा पीळ सतत सुटू पाहतो, आणि स्वस्त टी-शर्टची कडेची शिवण धुतल्यावर तिरकी होऊन पोटावर येते ती याच कारणाने.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्यांचे विणकाम पूर्वपदावर आले नाही. विणकाम यंत्रमागांकडे सरकण्यास आधीच सुरुवात झाली होती, ते आता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि गुजरातेतील केंद्रांकडे वेगाने गेले. आज देशातील कापडाच्या उत्पादनात संघटित गिरण्यांचा वाटा अगदीच थोडा उरला आहे. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आता मॉल उभा आहे आणि तिथे तयार कपडे विकले जातात, हा योगायोग इतका सरळ आहे की त्यावर भाष्य करण्याचीही गरज नाही.

यंत्रमागावरचे कापड जात्याच वाईट असते असे नाही. इचलकरंजीत उत्तम शर्टिंग विणले जाते. प्रश्न हिशेबाच्या रीतीचा आहे. तिथे अनेक यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ म्हणून काम करतात, म्हणजे माग त्यांचा, सूत व्यापाऱ्याचे आणि मिळते ती केवळ विणाईची मजुरी. ही मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडातला आडवा धागा, आणि एका इंचात जितकी पिके तितक्या पटीत दर मीटरला पैसे. आता ५२ पिकांचे कापड ४८ पिकांवर विणून घेतले तर आडव्या सुताचा आणि मजुरीचा तेरावा हिस्सा वाचतो, मागही दर तासाला अधिक कापड देतो, आणि कापडाच्या रूपात पडलेला फरक खळ आणि फिनिशिंग झाल्यावर उघड्या डोळ्यांना दिसत नाही. व्यापाऱ्याजवळ इंचभर चौकटीचे भिंग असते, तो धागे मोजतो; तयार शर्ट घेणाऱ्या माणसाजवळ ते नसते आणि असले तरी दुकानात काढायची त्याला सोय नसते. पिके कमी केलेले कापड ताणाच्या जागी, म्हणजे पाठीवर आणि काखेत, दगा देते: शिवण शाबूत राहते, पण तिच्या कडेचे धागे सरकून कापडाची जाळी होते.

त्यातच मऊपणाचे आकर्षण वाढले आहे. धुलाई आणि फिनिशिंगच्या कारखान्यात कापडाला सिलिकोनचा मुलायम लेप देता येतो आणि विकरांच्या साहाय्याने पृष्ठभागावरचे तंतू खाऊन टाकता येतात. विकर म्हणजे जैविक क्रिया घडवणारी प्रथिने, जी इथे कापसातील सेल्युलोज कुरतडतात. पहिल्या उपायाने आलेला मऊपणा काही धुण्यांत निघून जातो, दुसऱ्याने कापडाची ताकद थोडी का होईना घटते. स्पर्शावरून पारख करण्याची जुनी रीत त्यामुळे पूर्वीइतकी विश्वासाची राहिलेली नाही, आणि नव्या कोऱ्या कपड्यात किंचित कडक, भरीव लागणारे कापडच पुष्कळदा अधिक चालते.

कृत्रिम धाग्याविषयीचा सरसकट राग मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला, साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आणि टेरिकॉटने भारतीय शहरांत धुमाकूळ घातला, आणि ते कपडे फाटता फाटत नसत हीच त्यांची ख्याती होती. आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असते. अडचण येते ती स्वस्त मिश्रणात: आखूड तंतू घासणीने बाहेर येऊन त्यांचे गोळे बनतात, निव्वळ सुती कापडात ते तुटून गळून पडतात, परंतु मिश्र कापडात पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो आणि शर्ट फाटण्याच्या कितीतरी आधी जुनाट दिसू लागतो. ताणल्या जाणाऱ्या पँटींत घातलेला इलास्टेनचा धागा तर उष्णता आणि ब्लीच यांना लवकर बळी पडतो, म्हणून गुडघ्यावर पोक आलेली जीन्स पुन्हा जागेवर बसत नाही.

शिवणकामाची गोष्ट अधिक आशादायक आहे, कारण ते तरी तपासता येते. त्यासाठी सदरा उलटा करावा लागतो. चांगल्या शर्टाच्या कडेची शिवण आत दुमडून दोन रांगांत मारलेली असते आणि कापडाची कच्ची कड कुठेच उघडी दिसत नाही, तर स्वस्त कामात केवळ ओव्हरलॉक मारून मोकळे होतात. इंचात बारा ते चौदा टिपा असल्या तर शिवण दमदार समजावी. आठ-नऊच असतील तर मशीन घाईने पळवलेले आहे. कॉलरमध्ये पूर्वी बुक्रम शिवून घालत, आता बहुधा चिकटवलेले अस्तर असते, आणि चिकटवताना उष्णता किंवा दाब कमी पडला तर धुतल्यावर कॉलरवर फुगे येतात जे कोणत्याही इस्त्रीने बसत नाहीत. बटण साखळी टाक्याने लावले असेल तर मागचे एक टोक ओढताच सारा दोरा उसवतो. चौकडीच्या शर्टात खिशावरची चौकट छातीवरच्या चौकटीशी जुळत असेल तर कापणाऱ्याने कापड वाया घालवून काम केले आहे, आणि जिथे तो खर्च केला गेला तिथे इतरत्रही काटकसर कमी असण्याचा संभव असतो.

याखेरीज शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, ज्याला शिंपी ‘माया’ म्हणतात, हे टिकाऊपणाचे बहुधा सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. पँटच्या मागच्या शिवणीत इंचभर माया असली तर कंबर वाढल्यावर ती सोडवता येते. तयार पँटीत ती नावापुरती असते. कॉलर विरली की ती उसवून, उलटवून पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक घरांत होती आणि त्यामुळे शर्टाचे आयुष्य निम्म्याने तरी वाढे. दुरुस्त होऊ शकणारा कपडा आणि न फाटणारा कपडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मागच्या पिढ्यांची भिस्त प्रामुख्याने पहिल्यावर होती.

किमतीचा प्रश्न कापसाच्या भावाकडे बोट दाखवून सुटत नाही. मे २०२२ मध्ये कापसाच्या खंडीने, म्हणजे सुमारे ३५६ किलो रुईने, एक लाख रुपयांचा विक्रमी भाव गाठला होता. त्या भावानेही रुई किलोला २८० रुपयांच्या आसपास पडते, आणि कताई व कापणीतली तूट धरून एका शर्टाला तीन-साडेतीनशे ग्रॅम रुई लागते असे मानले तर शर्टातला कापूस शंभर रुपयांच्या आतच राहतो. पंधराशे रुपयांच्या शर्टाची बाकी किंमत कताई, विणाई, रंगाई आणि शिलाई यांच्यात वाटली जाते हे खरे, परंतु तिचा मोठा भाग दुकानाचे भाडे, जाहिरात, सवलतींचा आधीच धरलेला खर्च आणि न खपलेल्या मालाचा तोटा यांत जातो. विंचरलेले दुपदरी सूत वापरल्याने शर्टामागे होणारा जादा खर्च या मोठ्या रकमांच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि तरीही कात्री प्रथम त्यालाच लागते.

जागतिक व्यापाराने हीच दिशा घेतली आहे. १ जानेवारी २००५ पासून कापड व्यापारावरचे देशवार कोटे उठले, काम सर्वांत स्वस्त असेल तिकडे वाहू लागले, आणि २००० ते २०१४ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन जवळपास दुपटीने वाढले. भारतातील करांची रचनाही या दिशेला पोषक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के, तर त्यापुढील कपड्यावर १८ टक्के जीएसटी आकारला जातो, त्यामुळे दहा वर्षे चालणारा एक कोट दोन वर्षे चालणाऱ्या पाच कोटांपेक्षा चढ्या दराने कर भरतो.

चांगले कापड नाहीसे झालेले नाही. मुंबईचे मंगलदास आणि मुळजी जेठा मार्केट, पुण्याचा लक्ष्मी रस्ता किंवा जिल्ह्याच्या ठिकाणची जुनी दुकाने इथे ते मीटरवर मिळते, आणि काउंट विचारल्यास सांगू शकणारा विक्रेता तिथे अजून भेटतो. वर्षभर रोज वापरले जाणारे गणवेशाचे कापडही शोधण्यासारखे आहे, कारण तिथे टिकाऊपणाची मागणी कधी थांबलीच नाही. हातमागाविषयी मात्र तारतम्य हवे: ‘हँडलूम मार्क’ कापड हातमागाचे असल्याचे सांगतो, ते दणकट असल्याचे नव्हे, आणि सैल पिळाची बारीक खादी रोजच्या मशीनच्या धुण्याला पुरत नाही. खरी अडचण शिंप्यांची आहे. चांगला शर्ट शिवणारा कारागीर मिळणे कापड मिळण्याहून कठीण झाले आहे आणि पुष्कळ शिंपी आता तयार पँटींच्या लांब्या कमी करून देण्यावरच गुजराण करतात.

मोबाइलवरून होणाऱ्या खरेदीत तर यांपैकी कोणतीही परीक्षा चालत नाही. छायाचित्रात पिके मोजता येत नाहीत आणि शिवण उलटवता येत नाही. काही छोटे विक्रेते कापडाचे चौरस मीटरमागचे वजन आणि सुताचा काउंट देऊ लागले आहेत. विणलेल्या टी-शर्टसाठी १८० ग्रॅमच्या वरचे कापड बऱ्यापैकी भरीव समजायला हरकत नाही. माल परत करण्याची मुदत असते, पण कपडा न धुतलेला आणि चिठ्ठीसकट हवा अशी अट तिला जोडलेली असते, आणि कापड आटणे, शिवण फिरणे, रंग जाणे, कॉलरला फुगे येणे हे सर्व दोष धुतल्याशिवाय दिसतच नाहीत.